पत्त्यांआधी खुर्ची

मंडळी, पोकरबद्दल बोलायला लागलं की लोक पानांबद्दल विचारतात. कुठली पानं खेळायची, कुठली टाकायची. मी आज पानं वाटण्याच्या आधीचं बोलणार आहे. टेबलावर कोण कोण बसलंय, आणि आपण कुणाच्या शेजारी बसायचं?

रमी खेळणाऱ्या घरांत ही अक्कल पूर्वापार आहे. ज्याने टाकलेलं पान आपल्याला उचलायचं असतं, तो सढळ हाताचा हवा. माझी आत्या आजोबांच्या पुढची जागा मरेपर्यंत सोडायची नाही, ती याचसाठी.

पोकरच्या टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं, मधे पाच सगळ्यांची. टेबलावरचा पैसा एकमेकांच्याच खिशातला, आणि त्यातून कॅसिनो आपली रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापून घेतो. म्हणजे नऊच्या नऊ जण सारखेच तरबेज असले, तर वर्षाच्या शेवटी नऊही जण तोट्यात. खेळ कितीही उत्तम असो, कमाई व्हायची तर टेबलावर आपल्यापेक्षा कच्चं खेळणारं कुणीतरी लागतंच.

कच्चा म्हणजे कसा? दोन गोष्टी पाहा. किती डावांत उतरतो, आणि उतरल्यावर रेज करतो, म्हणजे पैज वाढवतो, की नुसता कॉल करत राहतो, म्हणजे दुसऱ्याने लावले तेवढेच भरतो. खूप उतरणारा आणि क्वचित रेज करणारा सगळ्यांत चांगला. आपली पानं जबरदस्त असतील तेव्हा तो पैसे भरतो, आणि आपली अर्धवट असतील तेव्हा पुढचं पान स्वस्तात बघू देतो.

मग सगळेच असे मिळाले तर? इथे जरा थांबूया, कारण इथे भलेभले चुकतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समजा ती आली, आणि एकाच माणसाने कुठल्याही पानांवर तुमच्यासमोर १०० रुपये लावले. तुम्ही साधारण ८५ टक्के वेळा जिंकता. पॉट, म्हणजे मधे जमलेला पैसा, २०० चा, तुमचा वाटा १७०, सरासरी नफा ७०. आता पाच जणांनी तसेच १०० लावले. जिंकण्याची शक्यता घसरून ४९ टक्क्यांवर येते. पण पॉट आहे ६०० चा. वाटा २९४, नफा १९४. निम्म्याहून जास्त वेळा एक्के हरणार, आणि तरीही सरासरी नफा पावणेतीनपट!

हे कळलं नाही की माणूस अशा टेबलावरून चिडून उठतो. ‘इथे कुणी फोल्डच करत नाही, पानं टाकतच नाही, कसं खेळायचं?’ अहो, तेच तर हवंय. फक्त तेवढी झीज सोसेल इतका पैसा आणि तेवढा धीर हवा. ज्याच्याकडे दोन्ही बेताचे आहेत, त्याला मी सांगेन: दोन-तीन सढळ आणि बाकी भित्रे असं टेबल शोध. पॉटमध्ये एखादाच सोबती राहतो, आणि चढउतार आवाक्यात राहतात.

आता खुर्ची. डाव घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे डावीकडचा आपल्यानंतर बोलतो. सतत रेज करणारा आक्रमक माणूस उजवीकडे हवा. त्याने काय केलं ते बघून आपल्याला ठरवता येतं. डावीकडे भित्रे हवेत, कारण आपण रेज केलं की ते निमूट पानं टाकतात आणि ब्लाइंड, म्हणजे डावाआधी सक्तीने लावलेले पैसे, आपल्याकडे येतात. हेच उलटं झालं, तर तेच नऊ जण असूनही रात्र जड जाते.

हे ओळखायचं कसं? बसण्याआधी पंधरा मिनिटं उभं राहून बघा. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, बघायला पाच-सहा जण राहतात की दोनच? चिप्सकडे बघा. वीस-वीसच्या सरळ थप्प्या लावणारा बहुधा जपून खेळतो. ज्याच्यासमोर नुसता ढीग आहे आणि जो शेजाऱ्याशी हसत बोलतोय, तो करमणुकीला आलाय.

त्या माणसाबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. त्याने चुकीचा कॉल करून तुमचा पॉट नेला, तर त्याला खेळ शिकवू नका, टोमणा मारू नका. तो स्वतःच्या पैशाने संध्याकाळ घालवायला आलाय, त्याला मान द्या. तोट्यामुळे त्याचा चेहरा उतरलेला दिसला, तर तिथून उठायचं धैर्यही तुमच्यात असावं. माझ्यात ते उशिरा आलं.

(ऑनलाइनचं विचारताय? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. मी बोलतोय ते प्रत्यक्ष टेबलाबद्दल.)

शेवटचं. टेबल रात्रभर एकसारखं राहत नाही. पणजीला मांडवीवरच्या एका बोटीत मी खेळत होतो. तीन नंबरच्या खुर्चीत एक गृहस्थ, समोर चिप्सचा ढीग, प्रत्येक डावात हजर. साडेबाराला त्यांना घरून फोन आला, त्यांनी डीलरला टिप दिली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर सात डाव फ्लॉपच उघडला नाही. एक जण रेज करायचा, बाकीचे पानं सरकवायचे. आठव्या डावाला मी चिप्स ट्रेमध्ये भरायला घेतल्या, तर समोरचे दोघे आधीच उभे राहिले होते.