आधी डायल वाचा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'स्वस्तातला जुना स्टीरिओ रिसीव्हर : काय बघून घ्यावा'. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात. यातला 'स्वस्तातला' हा शब्द वाचून कोण कोण आलंय? बघा, पहिली रांग आख्खी! बरं वाटलं, गिरगाव अजून शाबूत आहे.

टेबलावर ठेवलाय तो पायोनियरचा एसएक्स-४५०. सत्तरच्या दशकातला. चॅनलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, १५ वॅट. हसू नका. याच घराण्यातला एसएक्स-१९८० चॅनलमागे २७० वॅटचा आणि वजनाला ३५ किलो. आमच्या चाळीत तो चढवायला हमाल लागेल आणि वाजवायला शेजारी बदलावे लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत रोजचं ऐकणं दोन-तीन वॅटच्या आतच उरकतं. शिवाय हे १५ वॅट खरे आहेत. अमेरिकेत १९७४ साली सरकारनं नियम केला, की सलग आणि दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजाल तेवढेच वॅट जाहिरातीत छापा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'हजार वॅट पीएमपीओ' (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे यायचे, आठवतात? त्या हजार वॅटात धड गणपतीची आरती चाळीच्या दुसऱ्या टोकाला पोचायची नाही.

पण वॅटांचं राहू द्या. माझं म्हणणं एकच : आधी डायल वाचा. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

मुंबईत नुकती खासगी एफएम सुरू झाली होती, २००२ नंतरची गोष्ट. मी मटण स्ट्रीटला, म्हणजे चोरबाजारात, शुक्रवारी सकाळी. एका दुकानात चांदीसारखं तोंड असलेला, लाकडी खोक्यातला रिसीव्हर. मी ट्यूनिंगचा कान हलकेच फिरवून सोडला, तर काटा आपोआप डायलच्या टोकापर्यंत सरकत गेला. आत फ्लायव्हील, म्हणजे वजनदार चाक, असतं ना, त्याची ही करामत. मी तिथेच विकला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहब, शिप का माल है, एकदम जापानी." दारूखान्यात जहाजं तुटतात, तेव्हा तेही पटलं. टॅक्सीवाल्यानं टीव्ही समजून दहा रुपये जास्त घेतले.

घरी लावला. एएमवर ५५८ला अस्मिता वाहिनी खणखणीत. एफएमवर नुसती खरखर. वाटलं, एरियल नाही म्हणून. दीड मीटरचा टी-आकाराचा तारेचा एरियल केला. गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर, साड्यांच्या मधोमध. दुसऱ्या रविवारी गच्चीत. तिसऱ्या रविवारी चाळीतला सातवीतला मुलगा डोकावला आणि म्हणाला, "काका, यात नव्वदच्या पुढे आकडेच नाहीत."

जपानचा एफएम बँड तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता. आपली स्टेशनं ९१.१, ९८.३, १००.७, १०७.१. म्हणजे माझा डायल संपायचा तिथून मुंबई सुरू व्हायची! तीन रविवार मी त्या काट्याकडे बघत होतो, पण आकडे वाचले नव्हते. वर तो १०० व्होल्टचा. मी लॅमिंग्टन रोडवरून २३०चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणलेला, त्यामुळे सेट तव्यासारखा तापायचा. पुढे कित्येक वर्षं तो फक्त रेकॉर्ड प्लेअरचा अॅम्प्लिफायर म्हणून राबला. विकला नाही. कुठल्या तोंडानं विकणार?

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच! बरं, मग मूळ विषय.

डायलवर ८८ ते १०८ हवं. मागच्या पत्र्यावर व्होल्टेज वाचा. अमेरिकन सेट १२० व्होल्टचा, त्याला ट्रान्सफॉर्मर लागणारच. आणखी एक फरक : तिकडे डी-एम्फसिस (स्टेशननं मुद्दाम चढवलेले वरचे सूर सेटनं परत उतरवणं) ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. त्यामुळे आपलं एफएम त्यावर जरा दबकं वाटतं. ट्रेबल किंचित वाढवा, भागतं.

स्टीरिओचा दिवा लागतो का बघा. स्टेशन १९ किलोहर्ट्झचा एक पायलट सूर पाठवतं, तो सापडला की सेट त्याच्या दुप्पट, ३८, तयार करून डावं-उजवं वेगळं करतो. स्टेशन दणदणीत येत असून दिवा लागत नसेल, तर बहुधा आतली जुळवणी बिघडलीय.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका. मुंबईची दमट हवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बहुधा जाते. घुं घुं आवाज मात्र बहुधा फिल्टर कपॅसिटरचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाचा. तो बदलण्याचा खर्च किमतीत धरा. स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, डीसी व्होल्टेज शून्याच्या आसपासच हवं. नाहीतर स्पीकर जळेल.

फोनो इनपुट असेल तर रेकॉर्ड प्लेअर थेट लागतो. टेप मॉनिटरच्या, म्हणजे टेपरेकॉर्डर जोडायच्या, भोकात ब्लूटूथचं डबडं खुपसा, मोबाइलही वाजेल. आणि लाउडनेसचं, म्हणजे खर्ज उठवणारं, बटण रात्री, हळू आवाजात ऐकताना दाबायचं. दिवसा नव्हे.

झालं, सभागृहाचे काका दिव्यांच्या बटणापाशी पोचलेत. तेवढ्यात पुढे या आणि याचा कान एकदा फिरवून बघा. फक्त मधल्या सुट्टीतल्या वडापावचं तेल आधी पुसा.