खजुराची बी टाकू नका
(रमजान स्नेहमेळाव्यातलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी, आणि अस्सलामु अलैकुम. कमिटीने बजावून ठेवलंय की ताई, अजानला पंधरा मिनिटं आहेत तेवढ्यात आवरा, आणि खजुरात लोह किती अन् पोटॅशियम किती ते प्लीज सांगू नका, ते रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येतं. बरं, नाही सांगत. समोरच्या डिशमधला एक खजूर घ्या. खाऊ नका, नुसता फोडा आणि बी काढा.

बीला एका बाजूने उभी खाच दिसेल, त्या खाचेत एक बारीक धागा असतो, नखाने ओढला की निघतो, तो फतील. आता बी पालथी करा, पाठीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आहे, तो नकीर. आणि सगळ्या बीवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असं काहीतरी चिकटलेलं असतं ते कित्मीर. हे तिन्ही शब्द कुराणात आहेत. आपण तीळभर, रतीभर म्हणतो ना, तसेच. सूरे निसामध्ये, म्हणजे कुराणाच्या निसा नावाच्या अध्यायात आहे की कुणावर नकीरभरही अन्याय होणार नाही. लहानपणी दापोलीकडे मी हे शब्द पाठ केलेले, अर्थ मात्र कळला इथे मस्कतला, शेजारच्या ओमानी खालाने किचनच्या ओट्यावर बी ठेवून दाखवली तेव्हा.

चंद्राचंही तेच. सूरे यासीनमध्ये चंद्र कलेकलेने कमी होत शेवटी कसा होतो, तर खजुराच्या घडाच्या जुन्या देठासारखा. तो देठ बघितलाय का कुणी? घड काढल्यावर झाडाला राहतो, वाळून पिवळा पडतो आणि कोयतीसारखा वाकतो. इथे ओमानमध्ये निझवा गावाकडे गेलात तर मान वर करून बघा, प्रत्येक बागेत शे-दीडशे चंद्र लटकलेले असतात.

मदिनेतली प्रेषितांची मशीद, मस्जिद-ए-नबवी, इ.स. 622 मध्ये हिजरतनंतर, म्हणजे ते मक्का सोडून मदिनेला आल्यावर बांधायला घेतलेली, तिचे खांब खजुराच्या खोडांचे आणि वर छप्पर झावळ्यांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या मांडवासारखंच. प्रेषित (स.) खुत्बा, म्हणजे प्रवचन देताना अशाच एका खोडाला टेकून उभे राहायचे. मग लाकडी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचं व्यासपीठ आलं, ते त्यावर चढले आणि ते खोड रडायला लागलं, त्यांनी खाली उतरून त्याला मिठी मारली तेव्हा गप्प झालं. बुखारी या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या आठवणींच्या संग्रहात आहे ही गोष्ट. दादी सांगायची तेव्हा मी दर वेळी विचारायचे, मग नंतर त्या खोडाचं काय झालं?

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळं, त्यामुळे नराचा तुरा आणून मादीच्या फुलोऱ्यात खोचावा लागतो, इथे अजूनही कमरेला दोर बांधून माणसं वर चढतात त्यासाठी. मदिनेचे शेतकरी हेच करत होते, प्रेषित म्हणाले याने काही होत असेल असं मला वाटत नाही, लोकांनी लगेच बंद केलं आणि त्या वर्षी पीक खराब आलं. तेव्हा ते म्हणाले की तुमच्या दुनियेची कामं तुम्हाला जास्त कळतात. एवढा मोठा माणूस, समोर सगळे मान डोलावणारे, आणि सरळ शेतकऱ्याला म्हणतो की बाबा यातलं तुला जास्त कळतं! आपल्या मीटिंगांमध्ये हे कोणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही (हशा).

आणि वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींसाठी एक. प्रेषितांचे साथी सलमान फारसी हे आधी गुलाम होते, मालकाने सुटकेची किंमत सांगितली तीनशे खजुराची झाडं लावून द्यायची, वर चाळीस औकिया (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं. मग कोणी तीस रोपं आणली, कोणी वीस, कोणी पंधरा, कोणी दहा, खड्डे सगळ्यांनी मिळून खणले आणि रोपं प्रेषितांनी स्वतःच्या हाताने लावली.

सूरे मरियम तर बायकांनी ऐकायलाच हवी. हजरत मरियम, म्हणजे हजरत ईसांच्या (येशूंच्या) आई, एकट्या, कळा सुरू झालेल्या, खजुराच्या खोडाचा आधार घेतलाय आणि म्हणतायत की याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा आवाज येतो, दुःख करू नकोस, खोड आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील, खा, पी. दोन बाळंतपणं झालीत माझी, आणि खजुराचं खोड दोन धडधाकट पुरुषांनाही हलत नाही हे मी इथे बघितलंय, म्हणून ती ओळ आली की दर वेळी घसा दाटतो.

आता आपल्या डिंकाच्या लाडवातली खारीक आठवा, बाळंतिणीलाच देतो ना आपण? इथे मब्सली नावाचा खजूर आहे, तो पिवळा आणि कडक असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात, उन्हात वाळवतात, आणि तो बराचसा वर्षानुवर्षं भारतातच जातो. खारीक म्हणून! मी पहिल्यांदा उन्हाळ्यात इथल्या शर्किया भागात तो ढीग बघितला तेव्हा मम्मीला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली, अगं येताना दोन किलो आण, इथे महाग झालीय.

झालं, अजान होतेय बहुतेक. रोजा सोडणाऱ्यांनी आधी खजूर, मग पाणी. आणि पोरांनो, तो धागा काढून दाखवा मला, कोणाचा न तुटता निघतो बघू.