कॉक्स रिग्रेशनच्या निकालातली ‘मेथड’ची ओळ

कॉक्स रिग्रेशन म्हणजे मृत्यूसारखी घटना घडेपर्यंतच्या वेळेवर कोणत्या गोष्टींचा परिणाम होतो, ते तपासण्याची सांख्यिकी पद्धत. तिचा निकाल समोर आला की नजर थेट हॅझर्ड रेशो (घटनेचा धोका किती पट होतो) आणि पी-व्हॅल्यूवर (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) जाते. आज त्या तक्त्याच्या वरचं बघू. तिथे ‘मेथड’ असं लिहिलेलं असतं, आणि गोंधळ असा की या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ‘मेथड = एंटर’ दिसलं, तर तुम्ही दिलेले सगळे चल (वय, उपचार असे घटक) एकदम मॉडेलमध्ये गेले. ‘फॉरवर्ड’ किंवा ‘बॅकवर्ड’ दिसलं, तर चल सॉफ्टवेअरने निवडले. पी-व्हॅल्यूची चल आत घेण्याची मर्यादा ०.०५, बाहेर काढण्याची ०.१०, आपण बदलल्या नाहीत तर याच. अशा निवडीनंतरच्या पी-व्हॅल्यू गरजेपेक्षा देखण्या, म्हणजे लहान असतात, कारण निवड आणि तपासणी त्याच डेटावर झालेली असते. शिवाय उमेदवार चलांपैकी एकाचीही नोंद नसलेला रुग्ण संपूर्ण विश्लेषणातून वगळला जातो, तो चल शेवटी मॉडेलमध्ये राहो न राहो. म्हणून आधी किती रुग्ण आणि किती घटना धरल्या, ते वाचा. कोणते चल हवेत हे विषयाच्या ज्ञानावरून ठरवून ‘एंटर’ वापरावं, असं माझं मत.

दुसरा अर्थ टाय हाताळण्याच्या पद्धतीचा; टाय म्हणजे एकाच वेळी नोंदलेल्या घटना. १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी मांडलेल्या पद्धतीत घटनांचा क्रम महत्त्वाचा. पण वेळ महिन्यांत नोंदली की एकाच महिन्यात तीन मृत्यू पडतात; आधी कोण गेलं, कळत नाही. समजा त्या क्षणी १० जण धोक्यात आहेत आणि सर्वांचा धोका सारखा आहे. ब्रेस्लो पद्धत तिन्ही मृत्यूंची शक्यता मांडताना छेदात १० च धरते: १० × १० × १० म्हणजे १०००. एफ्रॉन पद्धत गेलेल्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करते: १० × ९ × ८, म्हणजे ७२०. टाय थोडे असतील तर दोन्हींची उत्तरं जवळपास सारखीच. खूप असतील तर ब्रेस्लोचा सहगुणक (ज्यातून हॅझर्ड रेशो काढतात तो आकडा) शून्याकडे झुकतो, म्हणजेच परिणाम आहे त्याहून फिका दिसतो.

आर हे सॉफ्टवेअर आपणहून एफ्रॉन घेतं. सास आणि स्टाटा ही सॉफ्टवेअर ब्रेस्लो. एसपीएसएसही ब्रेस्लोच वापरतं, आणि तिथे पर्याय नाही. त्यामुळे त्याच फाइलवर दोन ठिकाणी तिसऱ्या दशांशात फरक पडला, तर डेटा पुन्हा उपसायच्या आधी आरमध्ये टाय पद्धत ब्रेस्लो करून पाहा. आकडे जुळले तर प्रश्न मिटला. रेशो २ च्या जागी ०.५ आला असेल, तर दोष टायचा नाही, संदर्भगटाचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना होते त्या गटाचा आहे: आर पहिला गट धरतं, एसपीएसएस शेवटचा.

टाय हाताळण्याच्या आणखी एका पर्यायाचं, ‘एक्झॅक्ट’चं, नाव मात्र फसवं आहे. सासमध्ये ‘एक्झॅक्ट’ आणि ‘डिस्क्रीट’ हे वेगळे पर्याय आहेत. आरमधला ‘एक्झॅक्ट’ हा सासच्या ‘डिस्क्रीट’शी जुळतो. तो वेळ मुळातच तुटक मानतो, आणि त्याचा सहगुणक हॅझर्ड रेशो म्हणून नव्हे, तर ऑड्स रेशो (घटना घडण्याची शक्यता भागिले न घडण्याची, हे प्रमाण किती पट होतं) म्हणून वाचावा लागतो.