डेम्लो, म्हणजेच डोंबिवली

श्रोतेहो, नमस्कार. आज मी एका सतरा अंकी संख्येविषयी बोलणार आहे. ती लिहून घेण्याची गरज नाही. एकापासून नऊपर्यंत चढावे आणि पुन्हा एकापर्यंत उतरावे, की झाली: १२३४५६७८९८७६५४३२१. ‘चिमा काय कामाची’ प्रमाणे ती उलटी वाचली तरी तीच राहते, आणि नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांनी तिला भाग जातो.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. डेम्लो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरील आपली डोंबिवली. जाहिरातींनी मढलेल्या त्या फलाटावर या संख्येची एक पाटी लागावी, असे माझे जुने मत आहे.

वर्गाचे हे कोडे मला उलगडले ते दादरहून सुटलेल्या कल्याण लोकलमध्ये. शेजारच्या तरुणाला मी ही संख्या ऐकवली, तेव्हा त्याने खिशातला कॅल्क्युलेटर काढला. परंतु त्यात आठच अंक मावत असल्याने नववा एक काही आत शिरेना. (पावकी-निमकी घोकणाऱ्या पिढीवर अशी पाळी आली नसती, हे जाता जाता नोंदवतो.) समोर चौथ्या सीटवर कसेबसे टेकलेले, आयुष्यभर खतावणी लिहिलेले एक गृहस्थ हे पाहत होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात नऊ एकांची ओळ लिहिली, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून तीच ओळ पुन्हा लिहिली, आणि अशा नऊ ओळी मांडल्या.

“प्रत्येक ओळ जरा सरकून घेते, आपल्यासारखी,” ते म्हणाले. “आता उभी बेरीज करा. कडेला एक, मग दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि पुन्हा उतार. कुठेही हातचा नाही!”

हातचा नाही, श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो, कारण या संख्येचा सारा डौल त्यातच आहे. मांडलेले एक्याऐंशी एक जिथल्या तिथे राहतात, म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१ च येते.

“आणि दहा एक घेतले तर?” तरुणाने विचारले.

गृहस्थांनी प्रत्येक ओळीत एक वाढवला आणि खाली दहावी ओळ जोडली. “दहावा चढला, की हातचा आलाच,” असे म्हणत त्यांनी उत्तर मांडले: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला होता आणि शिखरावर दोन शून्ये येऊन बसली होती. ती बेरीज आम्ही तिघांनी दोनदा पडताळून पाहिली, आणि त्या भरात डेम्लो स्थानक मागे पडल्यामुळे मला ठाकुर्लीहून परत फिरावे लागले.