टेडी मोठा आहे हो, पण त्याचा डोळा?

नमस्कार मंडळी! "हाताने बनवलेली खेळणी बाळाला द्यावीत का? जुनी घेतली तर चालतात का?" दर व्हिडिओखाली हेच विचारताय, म्हणून आज तेवढंच बोलू.

उघड गोष्टी पटापट. कुसळं निघालेलं लाकूड नको, तडकलेलं प्लास्टिक नको, दीड वर्षाच्या आतल्या बाळाच्या खेळण्याला 22 सेंटीमीटरपेक्षा लांब दोरी नको. झालं.

आता खरी गोम. तीन वर्षांखालच्या मुलासाठी लोक अख्ख्या खेळण्याचा आकार बघतात. "एवढा मोठा टेडी, गिळणार कसा?" अहो, टेडी कोण गिळतंय! गिळतात त्याचा डोळा. मापायचा तो सुटू शकणारा तुकडा.

त्यासाठी हे बघा, पुठ्ठ्याची पट्टी. 11 सेंटीमीटर लांब, 5.7 उंच. टोकं एकमेकांवर एक सेंटीमीटर चढवून चिकटवली की साधारण 3.2 सेंटीमीटर व्यासाची नळी तयार. खेळण्यांच्या तपासणीतल्या नळीचं माप जवळपास हेच असतं. जो तुकडा न दाबता पूर्ण आत गेला, तो घशात अडकू शकतो.

"पण आमचा डोळा घट्ट आहे." किती घट्ट? तपासणीत असा भाग 90 न्यूटनने, म्हणजे साधारण नऊ किलोच्या ताणाने, दहा सेकंद ओढतात. तुम्ही दोन बोटांनी हळूच हलवून बघता आणि पिशवीत टाकता! चिमटीत धरा, पिळा, ओढा. विकणारा बघत असला तर बघू दे. चिंध्यांच्या बाहुलीला बटणाऐवजी दोऱ्याने भरलेले डोळे असतील तर हा प्रश्नच मिटला.

लाकडी गाडीचंही तेच. सावंतवाडीची असो की चन्नपट्टणची, चाक मोठं दिसलं की सगळे निर्धास्त. चाक अडवणारी खुंटी कोण बघणार? मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, हवा कोरडी झाली की आक्रसतं, आणि खुंटी ढिली होते. जूनमध्ये पास झालेली गाडी डिसेंबरात पुन्हा ओढून बघा. कापडी खुळखुळ्यात तर सुटणारा तुकडा आतच भरलेला असतो, म्हणून शिवण दोन्ही बाजूंनी ताणा. टाक्यांमधून मणी दिसला की खुळखुळा बाद.

आता कॉमेंटमधलं लाडकं वाक्य: "आयएसआय मार्क बघा, विषय संपला." नाही संपत. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. त्यामुळे मार्क नाही म्हणून कारागिराचं खेळणं वाईट ठरत नाही. आणि जुन्या खेळण्यावरचा मार्क ते नवं असतानाचं सांगतो, मधल्या काळात हरवलेल्या स्क्रूचं नाही.

स्क्रूवरून आठवलं. चोरबाजारातून घ्या नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरून, बॅटरीचं झाकण आधी बघा. स्क्रूच्या जागी चिकटपट्टी असेल तर परत करा. चपटा बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा.

जुनं रंगवलेलं लाकूड किंवा पत्रा तोंडात घालायच्या वयाला नकोच. घरगुती रंगांत शिशाची, म्हणजे त्या विषारी धातूची, मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आली ती नोव्हेंबर 2017 मध्ये, त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. ओल्या फडक्याने घासून रंग सुटतो का एवढं कळतं, शिसं कळत नाही.

आणि जुनं मऊ खेळणं जुलैत धुऊ नका. वरून सुकलेलं वाटतं, आतला कापूस ओलाच राहतो आणि आतून बुरशी धरते. ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबा. तेवढाही धीर नसेल तर मागची शिवण उसवा, कापूस काढून टाका, खोळ धुऊन वाळवा आणि नवा कापूस भरा. शिवण मात्र दुहेरी दोऱ्याने, बारीक टाक्यांची.