पेनिस्कोलाच्या किल्ल्यातला पोप

मंडळी, पोप म्हटलं की एकच माणूस डोळ्यासमोर येतो, पण 1409 नंतर काही वर्षं तिघं जण एकाच वेळी पोपपदावर हक्क सांगत होते, त्यातल्या सगळ्यात हट्टी माणसाबद्दल मला आज बोलायचंय. पेद्रो द लुना, आरागॉनचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या तेव्हाच्या एका राज्याचा, पोप म्हणून नाव बेनेडिक्ट तेरावा. चर्चच्या अधिकृत यादीत तो नाही, प्रतिपोप म्हणतात त्याला. मला विचाराल तर कायद्यात तो कच्चा नव्हताच, चुकला तो शपथेत.

भांडणाचं मूळ 1378 मध्ये. पोप अकरावा ग्रेगरी अविन्यों, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं पोपचं तेव्हाचं ठाणं, सोडून रोमला परतला होता, तो वारला. पोप निवडतात ते कार्डिनल, चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, ते बहुतेक फ्रेंच आणि बाहेर रोमची गर्दी ओरडतेय, आम्हाला रोमनच पोप पाहिजे, निदान इटालियन तरी! निवडले गेले बारीचे आर्चबिशप, म्हणजे सहावा अर्बन. त्याचा स्वभाव इतका तापट की थोड्याच महिन्यांत कार्डिनल फुटले, निवडणूक दबावाखाली झाली म्हणून ती रद्द असं म्हणाले आणि फोंदीला जाऊन दुसरा पोप निवडला, सातवा क्लेमेंट. तो अविन्योंला बसला. लुना दोन्ही निवडणुकांत कार्डिनल म्हणून होता, आणि हा माणूस आधी माँपेलियेला चर्चचा कायदा शिकवायचा, हे लक्षात ठेवा.

1394 ला क्लेमेंट वारला. मतदानाआधी कार्डिनलांनी शपथ घेतली की जो निवडून येईल तो ही फूट मिटवायला काहीही करेल, वेळ आली तर पद पण सोडेल. लुनाने शपथ घेतली, निवडून आला, आणि मग राजीनाम्याचं नाव काढलं की ठाम नकार. 1398 ला फ्रान्सने त्याला मानणं बंद केलं, बहुतेक कार्डिनल सोडून गेले, अविन्योंच्या राजवाड्याला वेढा पडला, आणि तरी हा आतच, थेट 1403 पर्यंत, मग वेष बदलून निसटला!

पिसाला भरलेल्या चर्चच्या परिषदेने 1409 मध्ये रोमचा आणि अविन्योंचा अशा दोन्ही पोपना काढून तिसरा निवडला, म्हणजे गुंता वाढलाच. शेवटी कॉन्स्टन्सची परिषद. तिथे 1415 मध्ये पिसाच्या बाजूच्या पोपला पदावरून काढलं, रोमच्या बाराव्या ग्रेगरीने राजीनामा दिला, उरला हा एकटा. सम्राट सिगिस्मुंड त्याची समजूत काढायला पेर्पिन्याँला आला. तेव्हा वयाची ऐंशी कधीच ओलांडलेल्या लुनाने जो मुद्दा मांडला तो मला आजही थक्क करतो: फूट पडायच्या आधी नेमलेला कार्डिनल जिवंत आहे तो मी एकटा, बाकी सगळे कार्डिनल ज्यांनी नेमले त्या पोपांवरच वाद आहे, मग मी खरा पोप नसलो तरी नवा पोप निवडायचा हक्क फक्त माझा. खोडून दाखवा बरं!

पण लोक कंटाळले होते हो, जवळपास चाळीस वर्षं चाललेलं भांडण. आरागॉनच्या फर्दिनांदला 1412 मध्ये गादी मिळाली त्यात लुनाचा मोठा हात होता, त्याच फर्दिनांदने जानेवारी 1416 मध्ये पाठिंबा काढला, आणि ती घोषणा वाचली कुणी, तर प्रसिद्ध धर्मोपदेशक व्हिन्सेंट फेरेरने, जो एकेकाळी लुनाचाच कन्फेसर, म्हणजे पापांची कबुली ऐकणारा धर्मगुरू, होता. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

1417 मध्ये परिषदेने त्याला पदच्युत करून पाचव्या मार्टिनला निवडलं. लुना समुद्रकाठच्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यात मरेपर्यंत पोप म्हणूनच राहिला. मागे त्याच्या मोजक्या कार्डिनलांनी आणखी एक पोप निवडला, त्याने 1429 मध्ये पद सोडलं आणि पुढे तो मायोर्काचा बिशप झाला.