नाट्यगृहाचा रोजचा खर्च कोणाच्या खात्यावर?

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिकमध्ये हौशी नाटक करणारा माणूस संहितेच्या आधी तारीख शोधतो. शनिवार-रविवारच्या रात्री व्यावसायिक नाटकं आणि वाद्यवृंद घेऊन जातात, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं येतात. आपल्या पदरात पडतं ते मधल्याच एखाद्या वारचं दुपारचं सत्र. मागच्या दाराला टेम्पो लागतो, नेपथ्याच्या चौकटी म्हणजे फ्लॅट उतरतात, कोणीतरी हातोडी शोधत असतो, आणि प्रकाशयोजनाकार शिडीवर चढेपर्यंत सत्राचा चांगला तुकडा संपलेला असतो. वेळ वाढली तर जादा पैसे, हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात नटांपेक्षा व्यवस्थापकाचीच धाकधूक जास्त.

आता हिशेब बघा. समजा, शंभर रुपयांचं तिकीट लावलं आणि दोनशे माणसं आली. हौशी नाटकाला दोनशे म्हणजे भरभरून प्रतिसाद! हाती आले वीस हजार. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. त्या वीस हजारांत नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, नेपथ्य, कपडेपट, रंगभूषा, जाहिरात आणि सगळ्यांचा चहा-वडापाव. नट फुकट काम करतात, हे धरूनच. अशा वेळी भाडं दोन-चार हजारांनी वाढलं तर व्यावसायिक निर्माता तिकीट वाढवतो. हौशी संस्था दोन प्रयोगांऐवजी एकच लावते, आणि पुढच्या वर्षी तोही लावत नाही.

मग भाडं कधी वाढूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. वातानुकूलनाचं वीजबिल येतं, दिवे मंद-प्रखर करणारे डिमर बिघडतात, स्वच्छतागृहं रोज धुवावी लागतात. खर्च कोणीतरी भरायलाच हवा. तो कोणाच्या खात्यावर पडतो, एवढंच मला विचारायचंय.

यात कायद्याची एक गंमत आहे. 1949 च्या महापालिका अधिनियमात कामांचे दोन गट आहेत. कलम 63 मध्ये बंधनकारक कामं : पाणी, गटारं, रस्ते, दिवे. कलम 66 मध्ये ऐच्छिक. नाट्यगृह या दुसऱ्या गटात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कामाला जागा दिली खरी, पण त्यासोबत पैसा काही दिला नाही. त्यात महापालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्न म्हणजे जकात. ती 2013 मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, बहुतांशी 2015 मध्ये संपला, आणि 2017 नंतर महापालिका जीएसटीच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. तिजोरी आखडली की कात्री आधी ऐच्छिकवर चालते. अधिकाऱ्यांना मी फारसा दोष देणार नाही. त्यांच्या जागी बसलो तर नळाला पाणी की रंगमंचाला नवा पडदा, यात मीही पाणीच निवडीन.

बांधायला मात्र पैसा मिळतो. महापालिकेच्या महाकवी कालिदास कलामंदिर या नाट्यगृहाचं नूतनीकरण स्मार्ट सिटी योजनेतून झालं. वास्तू देखणी झाली, आणि त्यानंतर भाड्यावरून रंगकर्मी आणि प्रशासन यांच्यात किती ओढाताण झाली, ते नाशिककरांना आठवत असेल. ती योजना मार्च 2025 मध्ये संपली. वीजबिल दर महिन्याला येतंच आहे. फीत कापायला पाहुणे मिळतात. एसीच्या सर्व्हिसिंगला कोण येणार?

परशुराम साईखेडकर नाट्यगृहाची गोष्ट आणखी वेगळी. ते सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे 1840 सालच्या संस्थेचं. सरकारी अनुदान मिळतं ते ग्रंथालयाला. रंगमंचानं आपलं आपण कमवायचं.

आणि दुरुस्ती कधी मनावर घेतली जाते? 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आणि मग पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींच्या घोषणा झाल्या. निधी मिळाला ते चांगलंच झालं. पण तारा, फ्यूज, अग्निशमन यांची नेमानं तपासणी हा असा खर्च आहे की तो नीट केला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे सिंहस्थाची कामं चालू आहेत, हजारो कोटींचे आकडे कानावर पडतात. त्यातून नाट्यगृहाला काही द्या, असं मी म्हणत नाही. तो निधी पुन्हा एकदाच येणार आणि पुन्हा फरशा बदलल्या जाणार. मला हवंय ते साधं आहे : महापालिकेच्या अंदाजपत्रकात नाट्यगृहांच्या रोजच्या खर्चासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष म्हणजे वेगळं खातं, भाड्यातून तो सगळा वसूल होईल ही अपेक्षा न ठेवता. आणि महिन्यातून काही तारखा हौशी आणि बालनाट्याच्या संस्थांसाठी सवलतीच्या दरात राखीव. वाचनालयातून पुस्तक नेताना आपण इमारतीचा खर्च भरत नाही ना? तसंच हे.

अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं. त्यात भांडवली, म्हणजे बांधकामासारख्या एकदाच्या खर्चाचा, आणि महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाचा, असे दोन भाग असतात. महसुली पानांवर कालिदासच्या नावापुढं किती रक्कम आहे, ते एकदा बघाच. आणि नगरसेवक भेटले तर गटारीच्या तक्रारीनंतर तेवढा आकडाही विचारा. नमस्कार.